पोस्टात पीए म्हणून रुजू झालात? बढतीचा हिशोब पहिल्या वर्षापासून ठेवा

कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) सीजीएल परीक्षा देऊन नवी मुलं-मुली पोस्टल असिस्टंट (पीए) म्हणून ऑफिसात येतात. पहिले काही महिने काउंटर, सिस्टीम आणि संध्याकाळची कॅश जुळवण्यातच जातात. मग एखाद्या दुपारी डबा उघडता उघडता कुणीतरी विचारतं, "साहेब, आमचं प्रमोशन कधी?" टेबलाभोवती सहाजण असतील तर सहा उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं दहा वर्षांनी, कुणी म्हणतं पाच वर्षांनी परीक्षा दे, कुणी म्हणतं यादी निघाली की होईल, आणि एखाद्या मॅडम हळूच सांगतात, "मी तर नाकारलं." यातलं कुणीही खोटं बोलत नसतं. प्रत्येकजण वेगळ्या वाटेबद्दल बोलत असतो. त्या वाटा सुट्या करून सांगितल्या नाहीत, म्हणून नवीन माणूस पाच-सात वर्षं चाचपडतो. पंचवीस वर्षं या खात्यात काढल्यावर मला वाटतं की हे कुणीतरी पहिल्याच वर्षी बसवून सांगायला हवं. म्हणून हा लेख.

पहिली पायरी: पगार वाढणं आणि पद वाढणं वेगळं करा

पीए किंवा सॉर्टिंग असिस्टंट (एसए) म्हणून तुम्ही सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 4 मध्ये येता. सुरुवातीचं मूळ वेतन 25,500. इथून पुढे दोन शिड्या आहेत.

एक शिडी वर्षांची, म्हणजे एमएसीपी (मॉडिफाइड अशुअर्ड करिअर प्रोग्रेशन). नियमित सेवेची 10, 20 आणि 30 वर्षं झाली आणि मधल्या काळात बढती मिळाली नसेल, तर पगाराची लेव्हल एकेक पायरी वर सरकते. आधी लेव्हल 5 (29,200 पासून), मग लेव्हल 6 (35,400 पासून), मग लेव्हल 7 (44,900 पासून). पद मात्र तेच राहतं. खुर्ची बदलत नाही, काम बदलत नाही, गावही बदलत नाही.

दुसरी शिडी पदांची. पीएवरून एलएसजी (लोअर सिलेक्शन ग्रेड), तिथून एचएसजी (हायर सिलेक्शन ग्रेड) दोन, मग एचएसजी एक. या पदांच्या लेव्हलही अनुक्रमे 5, 6 आणि 7 आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. वीस वर्षं झालेला पीए लेव्हल 6 चा पगार घेतो म्हणून तो एचएसजी दोन होत नाही. कागदावर तो पीएच असतो. एचएसजी दोनसाठी एलएसजी पदावरची नियमित सेवा मोजतात, एमएसीपीची वर्षं नाही. तात्पुरतं 'ऑफिशिएटिंग' म्हणून एलएसजीच्या जागेवर बसलात, तर तो अनुभव तुमचा, पण ती नियमित सेवा धरली जात नाही.

जुनी मंडळी अजून "माझं टीबीओपी झालं", "बीसीआर लागलं" असं बोलतात. या सेवेच्या वर्षांवर वरचा पगार देणाऱ्या जुन्या योजना: 1983 मध्ये आलेली टीबीओपी 16 वर्षांनी मिळायची, 1991 ची बीसीआर 26 वर्षांनी. 1 सप्टेंबर 2008 पासून त्या जागी एमएसीपी आली. त्यामुळे निवृत्तीला आलेल्या माणसाने स्वतःचा अनुभव सांगितला, तर तो तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही.

दुसरी पायरी: ग्रेडेशन लिस्टमध्ये स्वतःची ओळ वाचा

तुमची ज्येष्ठता ग्रेडेशन लिस्टवर, म्हणजे ज्येष्ठता यादीवर चालते. ही यादी डिव्हिजनकडून येते. दोन-तीन ठिकाणी स्टेपल मारलेली, झेरॉक्स फिकट, हजेरीपटाशेजारी ठेवलेली. "बघून सही करा" असं सांगतात आणि समोर गिऱ्हाइकांची रांग असते. मीही तशीच सही केली होती. पुढे तीन वर्षांनी कळलं की माझ्या ओळीत कायम झाल्याची तारीख लिहिलेलीच नव्हती. ती भरून घ्यायला अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज असे अकरा महिने गेले. यादी आली त्याच आठवड्यात हरकत घेतली असती, तर एका पत्रात काम झालं असतं.

म्हणून यादी आली की तुमच्या ओळीवर पट्टी ठेवून डावीकडून उजवीकडे वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, प्रवर्ग, खात्यात आल्याची तारीख, पीए झाल्याची तारीख, कायम झाल्याची तारीख. मग वरची आणि खालची दोन-तीन नावं वाचा. थेट भरतीतल्यांची ज्येष्ठता निवडीच्या गुणवत्ताक्रमाने ठरते, आधी कोण रुजू झालं यावर नाही. तुमच्या बॅचचा एखादा मित्र ट्रेनिंग उरकून तुमच्या आधी काउंटरवर बसला, म्हणून तो वर जात नाही. चूक दिसली तर यादीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.

सर्व्हिस बुकाचंही तसंच. वर्षातून एकदा ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. परिविक्षेचा दोन वर्षांचा काळ संपल्याची नोंद, ट्रेनिंगची नोंद, बिनपगारी रजेच्या नोंदी तपासा. मंजूर झालेली रजा एमएसीपीच्या सेवेत मोजली जाते. 'डाइज नॉन', म्हणजे सेवेतून वगळलेला, ठरवलेला दिवस मोजला जात नाही. दोन दिवस न सांगता घरी राहिलात आणि ते डाइज नॉन झाले, तर त्याचा हिशोब दहा वर्षांनी समोर येतो.

जीडीएस (ग्रामीण डाक सेवक) म्हणून आधी काम केलं असेल, तर ती वर्षं एमएसीपीत धरली जात नाहीत. पोस्टमनमधून खात्यांतर्गत परीक्षा देऊन पीए झालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. खातं त्या नेमणुकीला एक बढती धरत आलं आहे, आणि त्यावरून बरेच कर्मचारी न्यायाधिकरणात गेले आहेत. तुम्ही या गटात असाल, तर संघटनेच्या डिव्हिजनल सेक्रेटरीशी आत्ताच बोलून ठेवा.

तिसरी पायरी: एपीएआर

दरवर्षीचा कामाचा अहवाल म्हणजे एपीएआर. नवीन मुलं तो भरताना स्वतःच्या कामाच्या रकान्यात "सर्व कामे केली" एवढं लिहून मोकळी होतात. असं करू नका. किती खाती उघडली, आधार काउंटर किती महिने सांभाळला, कुणाच्या रजेत खजिन्याचा चार्ज घेतला, मार्चमध्ये किती उशिरापर्यंत बसलात, हे आकड्यांनिशी लिहा. शेरा देणारे साहेब मधल्या काळात बदललेले असतात. तुमचं वर्ष त्यांनी पाहिलेलं नसेल, तर तुमचे चार शब्द हाच त्यांच्यासमोरचा पुरावा.

अहवालात 10 पैकी गुण असतात. 8 आणि वर 'आउटस्टँडिंग', 6 ते 8 च्या आत 'व्हेरी गुड', 4 ते 6 च्या आत 'गुड'. 25 जुलै 2016 पासून एमएसीपीसाठी 'व्हेरी गुड' लागतं. म्हणजे 5.8 गुण ऐकायला बरे वाटले तरी एमएसीपीला ते कमी पडतात. 'गुड' हा शब्द वाचून समाधानाने सही करणारे मी कितीतरी पाहिले, आणि दहाव्या वर्षी स्क्रीनिंग कमिटीने 'अनफिट' लिहिल्यावर त्यांचे उतरलेले चेहरेही पाहिले. अहवाल तुम्हाला दाखवणं बंधनकारक आहे, आणि हातात आल्यापासून 15 दिवसांत त्यावर लेखी म्हणणं मांडता येतं. हे 15 दिवस सोडू नका. भांडणाच्या भाषेत लिहू नका. केलेलं काम, तारखा, आकडे एवढंच.

चौथी पायरी: एमएसीपीचं वर्ष आलं की

स्क्रीनिंग कमिटीने वर्षातून दोनदा, शक्यतो जानेवारी आणि जुलैत बसावं असं ठरलेलं आहे. तरी वेळ जातो. दहावं वर्ष पूर्ण व्हायच्या दोन-तीन महिने आधी डिव्हिजनल ऑफिसला साधं पत्र द्या: रुजू तारीख, दहा वर्षं पूर्ण होण्याची तारीख, आतापर्यंत बढती न मिळाल्याचा उल्लेख. उशीर झाला तरी लाभ देय तारखेपासून मिळतो आणि थकबाकी हातात येते.

पगार कसा ठरतो, ते उदाहरणाने बघा. लेव्हल 4 मध्ये तुमचं मूळ वेतन 33,300 आहे. आधी त्याच लेव्हलमध्ये एक वाढ द्यायची, म्हणजे 34,300. मग लेव्हल 5 च्या तक्त्यात तेवढाच आकडा शोधायचा. नसेल तर लगेच वरचा. तिथे 33,900 नंतर 34,900 आहे, म्हणून नवं मूळ वेतन 34,900. हे गणित स्वतः करून ठेवा आणि आलेल्या मेमोशी ताडून पाहा. चूक झालीच, तर वसुलीचा किंवा थकबाकीचा त्रास तुम्हालाच होतो.

पुढे त्याच लेव्हलच्या पदावर बढती मिळाली, तर पगार पुन्हा ठरत नाही. एमएसीपीने लेव्हल 5 मिळालेल्या माणसाला एलएसजी झाल्यावर वेतननिश्चितीचा वेगळा फायदा नाही. नाराजी इथूनच सुरू होते. तिच्याकडे शेवटी येतो.

पाचवी पायरी: एलएसजी आणि पुढे

एलएसजीची बढती ज्येष्ठता आणि पात्रता यांवर होते. परीक्षा नाही. डीपीसी (खात्याची बढती समिती) बसते, ज्येष्ठता, एपीएआर आणि तुमच्यावर काही कारवाई चालू आहे का, हे बघते. अनुसूचित जातींना 15 टक्के आणि जमातींना 7.5 टक्के जागा रोस्टरने ठेवलेल्या असतात. सर्कल ऑफिसकडून (राज्य पातळीवरचं टपाल कार्यालय) यादी निघते आणि मग रीजन-डिव्हिजनचं वाटप होतं. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबईपासून नागपूरपर्यंतची रीजन येतात आणि गोवाही याच सर्कलमध्ये. त्यामुळे एलएसजीची नेमणूक स्वतःच्या डिव्हिजनबाहेर, कधी पार वेगळ्या बोलीच्या मुलखात होऊ शकते.

एलएसजी झालात की काउंटरच्या पलीकडे जाता. एखाद्या उपडाकघराचे सबपोस्टमास्तर किंवा मुख्य डाकघरात सुपरवायझर. किल्ल्या तुमच्याकडे, कॅशची जबाबदारी तुमची, हाताखालच्या माणसांची हजेरी तुमची. ज्यांना माणसं सांभाळायला आवडतं, त्यांनी या पदाची वाट बघावीच.

सहावी पायरी: परीक्षेची वाट

माझा नव्या मुलांना आग्रह याच वाटेचा आहे. इन्स्पेक्टर पोस्टची खात्यांतर्गत परीक्षा पीए-एसएला पाच वर्षांच्या नियमित सेवेनंतर देता येते. इन्स्पेक्टरचं पद लेव्हल 7 मध्ये आहे. जी लेव्हल एमएसीपीच्या शिडीने तिसाव्या वर्षी मिळते, ती परीक्षा पास झालेल्याला सहाव्या-सातव्या वर्षी मिळू शकते. हा फरक कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

अभ्यासाला एखादं जुनं गाइड पुरत नाही. 1898 चा इंडियन पोस्ट ऑफिस ॲक्ट गेला आणि पोस्ट ऑफिस ॲक्ट 2023 हा 18 जून 2024 पासून लागू झाला. जुन्या नोट्समधली कलमं पाठ करून बसलेल्यांचे कष्ट त्यामुळे वाया जातात. जाहिरातीत जो अभ्यासक्रम असेल, तोच धरा. पोस्टल मॅन्युअलचे खंड, बचत बँकेचे नियम, वर्तणुकीचे 1964 चे नियम, शिस्तभंगाचे 1965 चे सीसीएस (सीसीए) नियम, रजेचे 1972 चे नियम हे रोजच्या कामातून वाचले तर लवकर बसतात. काउंटरवर मयत खात्याचा दावा आला, तर तो निकाली काढल्यावर संध्याकाळी त्याचा नियम उघडून वाचा. एक दावा, एक नियम. पाच वर्षांत बराच अभ्यास असाच होतो.

आकड्यांची आवड असेल, तर पीओ अँड आरएमएस (पोस्ट ऑफिस आणि रेल्वे मेल सर्व्हिस) अकाउंटंटची परीक्षा आहे. फिरतीची नोकरी नको असणाऱ्यांना ती सोयीची पडते.

चार्जशीट: सगळ्या वाटा इथे अडतात

निलंबन असेल, खात्याची चार्जशीट (आरोपपत्र) मिळालेली असेल किंवा कोर्टात फौजदारी खटला चालू असेल, तर डीपीसी तुमच्याबद्दलचा निर्णय सीलबंद पाकिटात ठेवते. निर्दोष सुटलात की पाकीट उघडतं आणि तुमच्या कनिष्ठाला बढती मिळाली त्या तारखेपासून तुमची बढती धरली जाते. शिक्षा झाली, तर ते पाकीट उपयोगाचं राहत नाही. वेतनवाढ रोखल्याची शिक्षा चालू असेतोवर बढती प्रत्यक्षात येत नाही. नुसती 'सेन्शर' (लेखी ठपका) किंवा नुकसानीची वसुली ही शिक्षा आपोआप दार बंद करत नाही, पण डीपीसीसमोर ती असतेच.

आता चार्जशीट येते कशी, ते जवळून बघा. महिन्याची पाच-सहा तारीख, पेन्शनची गर्दी, रांग दाराबाहेर. शेजारचा सहकारी म्हणतो, "तुझा आयडी चालू आहे ना, एवढं एक व्हेरिफाय करतो." तुम्ही खुर्ची सरकवता. व्यवहार एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, म्हणून दोन आयडी ठेवलेले असतात; त्या क्षणी दोन्ही एकाच माणसाच्या हातात जातात. सहकारी भला असेल तर काही होत नाही. नसेल, तर चार-पाच वर्षांनी एखादी आजी पासबुक घेऊन येते, खात्यात पैसे नसतात, आणि सिस्टीममध्ये व्यवहारासमोर तुमचं नाव असतं. मुख्य आरोपी वेगळा, पण तुम्ही 'सबसिडियरी ऑफेंडर', म्हणजे दुय्यम दोषी. रूल 16 ची (किरकोळ शिक्षेची) चार्जशीट, वसुली, आणि त्याच वर्षी तुमची एमएसीपी किंवा एलएसजी देय.

हे मी दोन सज्जन माणसांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी एक रुपयाही घेतला नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो: पासवर्ड कुणालाही नाही, सबपोस्टमास्तरांनाही नाही. उठताना लॉगआउट. विड्रॉल फॉर्मवरची सही रेकॉर्डशी ताडल्याशिवाय पैसे नाहीत, मग पुढचा माणूस कितीही ओरडू दे. कुणी साहेब तोंडी "करून टाक" म्हणाले, तर "साहेब, ऑर्डर बुकात लिहून द्या" एवढं नम्रपणे म्हणा.

रूल 38: घरी जायची किंमत

कोल्हापूर, लातूर, बुलढाण्याची मुलं मुंबईत लागतात आणि पहिल्या दिवसापासून गावाकडच्या बदलीचा विचार करतात. पोस्टल मॅन्युअल खंड 4 मधल्या रूल 38 ने स्वतःच्या विनंतीवरून बदली मिळते, पण नव्या डिव्हिजनच्या ज्येष्ठता यादीत तुम्ही तळाला जाता. बदली भत्ताही नाही. मागची सेवा एमएसीपीसाठी आणि परीक्षेच्या पात्रतेसाठी मोजली जाते. जाते ती फक्त ज्येष्ठता. म्हणजे इन्स्पेक्टरची परीक्षा द्यायचीच असेल, तर रूल 38 चं नुकसान थोडं. एलएसजीच्या यादीवर भिस्त असेल, तर मोठं. जायचंच असेल तर लवकर जा. दोन वर्षांची ज्येष्ठता सोडणं वेगळं आणि बारा वर्षांची सोडणं वेगळं.

बढती नाकारायची असेल तर

डब्याच्या वेळी हळूच बोलणाऱ्या त्या मॅडमची गोष्ट इथे येते. एलएसजीचा आदेश आला, नेमणूक दोनशे किलोमीटरवर. मुलगा दहावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पगारात एक पैशाचा फरक नाही कारण एमएसीपीने ती लेव्हल आधीच मिळालेली. त्यांनी चार ओळींचं नकारपत्र दिलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण त्या पत्रामुळे पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

नकार मान्य झाला तर एक वर्ष नव्याने बढती देऊ केली जात नाही. त्या काळात जे कनिष्ठ वर गेले, ते वरच्या पदावर तुमच्या पुढेच राहतात. एमएसीपीवरचा परिणाम त्याहून जड. एमएसीपी देय होण्याआधी नियमित बढती नाकारलीत, तर ती एमएसीपी मिळत नाही; कारण ही योजना बढतीची संधी न मिळाल्याने अडकून पडलेल्यांसाठी आहे आणि तुम्हाला संधी मिळाली होती. आधी मिळालेली एमएसीपी काढून घेत नाहीत. पण पुन्हा बढतीला तयार होईपर्यंत पुढच्या लाभाचा विचार होत नाही, आणि नकारामुळे जितका काळ बंदी, तितका पुढचा लाभही लांबतो.

त्यामुळे आदेश हातात आला की त्याच दिवशी पत्र लिहू नका. आधी सर्व्हिस बुक घेऊन बसा. पुढची एमएसीपी कधी देय आहे? ती सहा महिन्यांवर असेल तर नकार फार महागात पडेल. निवृत्तीला किती वर्षं उरली? एलएसजीची सेवा आत्ता सुरू झाली, तर एचएसजी दोनपर्यंत पोचाल का? नेमणूक जवळच्या डिव्हिजनमध्ये बदलून मिळावी, असा विनंतीअर्ज आधी देता येतो. घरातलं आजारपण, मुलाची बोर्डाची परीक्षा यांचे कागद जोडा. नकार हा त्यानंतरचा मार्ग. आणि नकार द्यायचाच ठरला, तर कारण स्पष्ट लिहा, कारण तो मान्य करायचा की नाही, हे नेमणूक करणारा अधिकारी ठरवतो. मान्य झाला नाही तर रुजू व्हावं लागतं.

स्वीकारलीत, तर बढतीच्या बदलीला प्रवासभत्ता आणि जॉइनिंग टाइम मिळतो. तो मागून घ्या. आणि बढतीने वेतननिश्चिती होणार असेल, तर ती बढतीच्या तारखेपासून हवी की पुढच्या वार्षिक वाढीच्या तारखेपासून, याचा पर्याय एक महिन्याच्या आत लेखी द्यायचा असतो. दोन्ही तारखांनी आकडे मांडून बघा. मार्च-एप्रिलमध्ये बढती आणि वाढ 1 जुलैची असेल, तर जुलैपर्यंत थांबणं बहुतेक वेळा फायद्याचं निघतं. नव्या ऑफिसात रुजू झालेल्या पहिल्याच आठवड्यात हे पत्र द्या, आणि त्याची पोच आपल्या फायलीत लावा.